घरचा कान

केतकीनं टोपी आणली तेव्हा आत्या स्वयंपाकघरात सांबार निवडत बसली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपुरात राहून सांबाराला कोथिंबीर म्हणणाऱ्या माणसाकडे आत्या जरा संशयानंच बघायची. डोक्याला नुकतंच तेल लावलेलं, टोपी खराब होईल म्हणून ती आधी नको नको म्हणाली आणि मग नेहमीप्रमाणे मान पुढे केली. टोपी म्हणजे मऊ जाळीची, कानांपर्यंत येणारी, आतून टिकल्यांएवढे संवेदक बसवलेली. या घरात रविवारची सकाळ बहुतेक अशीच जायची. नवा शब्द तयार झाला की केतकी तो आत्याच्या कानात सांगायची आणि आत्याच्या मेंदूत काय उमटलं ते टेबलावरच्या पडद्यावर दिसायचं.

केतकी भोयर नामशाळेत काम करायची. लेखकांना हवे ते शब्द करून देणारी ही संस्था. पूर्वीचे लेखक बिचारे जाडजूड कोश उघडून बसायचे, समानार्थी शब्द धुंडाळायचे, नाही मिळाला तर तीन ओळी खर्ची घालून भावना समजावून सांगायचे. आता तेवढा धीर ना लेखकाला होता ना वाचकाला. नेमका शब्द हवा आणि तो आज हवा, अशी मागणी होती.

तशी मराठीला मनाच्या अस्वस्थतेसाठी शब्दांची ददात कधीच नव्हती. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग, घालमेल. सगळे जोडीनं वाजणारे आणि तरी प्रत्येकाचं दुखणं निराळं. गाडी चुकली की लागते ती चुटपुट. गाडी चुकली म्हणून बापाचं शेवटचं दर्शन चुकलं तर लागते ती रुखरुख. पण ज्यांना नावच मिळालेलं नाही अशा भावना याहून कितीतरी जास्त निघाल्या. टोपीमुळे ते कळलं. प्रत्येक भावनेचा मेंदूत एक ठरावीक नक्षीचा ठसा उमटतो, त्याला नामशाळेत भावठसा म्हणत. लेखकानं टोपी घालून ती भावना मनात आणायची, ठसा निघायचा, आणि यंत्र मराठीचे धातू, प्रत्यय, नाद जुळवून शब्द सुचवायचं. त्यांतला कुठला जगेल हे मात्र केतकीसारखी माणसंच ठरवायची. कसोटी एकच होती. ज्याला काहीही सांगितलेलं नाही अशा माणसानं तो शब्द ऐकला की त्याच्या मेंदूत तोच ठसा उमटला पाहिजे. समजावून सांगावा लागला तर शब्द नापास.

या कसोटीला ते बारसं म्हणत. शब्द करणारी बाई त्या शब्दाची आत्या, तिनं तो पहिल्यांदा कानात सांगायचा. आणि कान शक्यतो घरचा असावा अशी पद्धत पडली होती, कारण परका माणूस भिडेखातर मान डोलावतो, घरचं माणूस तोंडावर सांगतं की नाही बुवा कळलं. नवरे, बायका, आया, सासरे असे सगळ्यांचे घरचे कान ठरलेले होते. पद्धत चांगली होती. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

केतकीचा घरचा कान म्हणजे खरोखरीची आत्या. आई लवकर गेली, वडील रेल्वेत, आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर. निर्मलाआत्यानं लग्न केलं नाही आणि या पोरीला वाढवलं. केतकी हे नावही तिनंच बारशाला कानात सांगितलेलं. आत्याचं स्वतःचं घरातलं नाव मात्र धोंडी. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीला आजीनं दगडाचं नाव दिलं, की कुणाची नजर पडू नये. शाळेत ती भोयरबाई, मराठी शिकवणारी, दोन पिढ्यांचं शुद्धलेखन सुधारणारी, घरात धोंडी. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नव्हतं.

केतकीचे शब्द नावाजले जायचे. तिनं केलेला 'उरवळ' तर घराघरांत गेला. पाहुणे निघून गेल्यावर, चपला उचलल्या गेल्यावर घरात जी पोकळ शांतता पसरते ती उरवळ. एका कथेत तो आला आणि महिन्याभरात लोक दुकानात, लग्नात तो बोलायला लागले. मग एक विचित्र गोष्ट कानावर यायला लागली. पाहुण्यांना बोलवायचं आता नकोसं वाटतं, ते गेल्यावर फार उरवळ येते, असं लोक म्हणायला लागले. आधी येत नव्हती का, असं केतकीनं हसत विचारलं तर शेजारची बाई विचारात पडली. येत असेल, म्हणाली, पण आता येते तेव्हा कळतं. केतकीनं ते हसण्यावारी नेलं. तिनं त्यावर तेव्हाच विचार करायला हवा होता, असं मला वाटतं.

आजचा शब्द निरंजन काळमेघांसाठी होता. काळमेघ मोठे कादंबरीकार, त्यांच्या श्राव्य कादंबऱ्या लाखो लोक फोनवर ऐकत. नव्या कादंबरीतला नायक संध्याकाळी घरी येतो, बायको दार उघडते, आणि क्षणभर त्याला वाटतं की ही ती नव्हे. चेहरा तोच, आवाज तोच, कपाळावरची खूण तीच. काहीही चुकलेलं नाही, आणि तरी समोरचं माणूस आपलं नाही. काळमेघांनी टोपी घालून हा ठसा स्वतः दिला होता. केतकीला तो बघताच ओळखीचा वाटला. असं क्षणभर कुणाला होत नाही? होतं आणि निघून जातं, कारण त्याला धरून ठेवायला हातात काही नसतं.

शब्द अगदी लहान होता. तो मी इथे लिहिणार नाही.

केतकी वाकली आणि तिनं तो आत्याच्या कानात सांगितला. आत्याचे हात सांबाराच्या जुडीवर थांबले. पडद्यावर ठसा उमटला, काळमेघांच्या ठशाशी रेषेला रेष जुळणारा. इतकं जुळलेलं केतकीनं आजवर पाहिलं नव्हतं आणि तिला फार आनंद झाला. आत्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग जुन्या सवयीनं, उच्चार नीट कळला का हे तपासायला, तिनं तो शब्द स्वतः म्हणून दाखवला, केतकीच्या डोळ्यांत बघत. केतकीनं हो म्हटलं.

"छान केला," आत्या म्हणाली. "पण हा देऊ नको कोणाला."

का, असं विचारल्यावर तिनं टोपी काढून दिली आणि ती पुन्हा सांबार निवडायला लागली. केतकीनं दुपारीच शब्द पाठवून दिला.

कादंबरी पावसाळ्याच्या तोंडाशी आली. तोवर घरात काहीतरी बिनसलं होतं. आत्या कमी बोलायची. केतकी पाठमोरी असली की तिच्याकडे बघत राहायची आणि ती वळली की नजर काढून घ्यायची. एकदा जेवताना तिनं विचारलं की तू चौथीत असताना तुला कुठली शिक्षा झाली होती. केतकीनं सांगितलं: वर्गातल्या मुलींना खोट्या शब्दांचे खोटे अर्थ सांगत होते म्हणून बाकावर उभं केलं होतं, आणि उभं करणारी बाई तूच होतीस. आत्यानं मान हलवली. मग रामटेकच्या सहलीत काय हरवलं, बाबांच्या डब्यात मंगळवारी काय असायचं, असं एकेक विचारत गेली. केतकी गंमत म्हणून उत्तरं देत होती. शेवटी तिनं विचारलं, की झाली का परीक्षा, सगळं बरोबर आहे नं?

"सगळं बरोबर आहे," आत्या म्हणाली. "काहीच चुकत नाही. तेच तर भेव आहे."

तिचा आवाज शांत होता. केतकीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. विसराळूपणाचा आजार नव्हता. स्मरण चोख, हिशेब चोख, वर्तमानपत्रातल्या चुका पेन्सिलनं काढणं चालू. भाजीवाला ओळखीचा, शेजारीण ओळखीची, टीव्हीवरचे लोक ओळखीचे. फक्त एकच माणूस ओळखू येत नव्हतं. किंवा येत होतं, पण पटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की असा आजार पुस्तकात आहे, फार विरळा. मग म्हणाले की या पावसाळ्यात मात्र तसा विरळा राहिलेला नाही. त्यांच्याकडे नवरा येतो, बायको येते, म्हाताऱ्या आईला घेऊन मुलगा येतो, आणि सगळे तक्रार सांगताना तोच एक शब्द वापरतात. शब्द नवा दिसतोय, ते म्हणाले, पण नेमका आहे.

त्यानंतर एका सकाळी केतकी आंघोळ करून बाहेर आली तर आत्यानं कप पुढे केला आणि विचारलं, "चहा घेता नं तुम्ही?"

आयुष्यभर अगं-तुगं करणारी, चिडली की कार्टे म्हणणारी आत्या तिला अहो-जाहो करत होती. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरात आलेल्या अनोळखी बाईशी सभ्य माणसानं वागावं तशी ती वागत होती. केतकीनं चहा घेतला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

नामशाळेचे प्रमुख बोधनकर यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. शब्द मागे घ्या, एवढीच तिची मागणी होती. कादंबरीतून काढा, लोकांना सांगा की वापरू नका. बोधनकर वाईट माणूस नव्हते, त्यांच्या टेबलावर तक्रारी आलेल्याही होत्या. पण लोकांना एखादा शब्द वापरू नका म्हटलं की तो किती वापरला जाईल हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शिवाय त्यांचा मुद्दा असा होता की ही भावना आपण निर्माण केलेली नाही. ती होतीच. काळमेघांच्या डोक्यात होती, तुमच्या, माझ्या. कित्येक लोक आभार मानतायत, की इतकी वर्षं जे एकट्यानं सोसलं त्याला नाव मिळालं, आता डॉक्टरांना सांगता येतं.

केतकीनं मग त्यांच्यासमोर तक्रारी चाळल्या आणि त्यात तिला एक गोष्ट दिसली. कादंबरी नुसती ऐकलेल्यांना फारसं काही झालं नव्हतं. ज्यांना तो शब्द घरच्या माणसानं सांगितला होता, अगं ऐक काय मजेदार शब्द आहे म्हणून, समोर बसून, डोळ्यांत बघून, त्यांना तो लागला होता. सांगणारं माणूसच त्यांना परकं झालं होतं. शब्दाला रुजायला समोर आपलं माणूस लागत होतं, आणि नामशाळेनं त्याची पहिली पेरणी घरच्या कानात केली होती. एरवी कुठल्या तिऱ्हाइताच्या कानात तो सांगितला असता तर तिथे रुजायला कुणी नव्हतंच.

"हे बाहेर बोलू नका," बोधनकर म्हणाले.

आणि मग खिडकीकडे बघत ते म्हणाले की त्यांच्या बायकोनं त्यांना तो शब्द मागच्याच आठवड्यात सांगितला.

एक मार्ग मात्र तिला सुचला आणि घरी येईपर्यंत तिला त्याची खात्री पटली. परकेपणाला शब्द मिळाला म्हणून तो मुक्कामाला आला. मग आपलेपणाला का नाही मिळू शकणार? परगावच्या गर्दीत अचानक आपलं माणूस दिसतं, त्या क्षणी छातीत जे काही होतं त्याला मराठीत नाव नाही. ओळख पटणं फार कोरडं झालं, ते पोलिसांच्या कागदावर शोभतं. त्या क्षणाचा शुद्ध ठसा घ्यायचा, त्याचा शब्द करायचा, आणि तो आत्याच्या कानात सांगायचा. ठसा द्यायला दुसरं कुणी शोधायची गरज नव्हती. आत्याकडे बघताना आपल्याला जे वाटतं त्याहून शुद्ध काय असणार, असं केतकीला वाटलं.

रविवार होता. आत्या स्वयंपाकघरात संत्री सोलत होती, फोडींवरचा पांढरा दोरा न् दोरा काढून, कारण केतकीला तो लहानपणापासून आवडत नाही. परक्या बाईसाठीसुद्धा तिचे हात ते करत होते. केतकी समोर बसली, टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, पडदा सुरू केला आणि आत्याकडे बघितलं. पांढरे केस, डाव्या भुवईवरचा व्रण, चष्म्याची एका बाजूला कललेली काडी. तिनं मनात म्हटलं, ही माझी आत्या. मग तिनं मान वळवून पाठीमागच्या टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर काळमेघांचा ठसा होता.

तिनं टोपी सारखी केली, डोळे मिटून उघडले, पुन्हा बघितलं. आता तो अधिक स्वच्छ उमटला. यंत्रात बिघाड असेल म्हणून तिनं खिडकीबाहेरच्या शेजारणीकडे बघितलं, तर ठसा लगेच पुसला गेला, आणि आत्याकडे नजर वळताच परत आला. तेव्हा तिला तो रविवार आठवला. उच्चार तपासायला आत्यानं तो शब्द म्हणून दाखवला होता. घरच्या माणसानं, समोर बसून, डोळ्यांत बघून. केतकीचाही कान घरचाच होता.

आणि खरं सांगायचं तर तिला ते आधीच जाणवलेलं होतं. गेले कित्येक दिवस घरात शिरताना ती किल्ली खिशात असून बेल वाजवत होती. आत्याला बरं वाटावं म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. दार उघडणाऱ्या म्हातारीकडे बघून तिच्या मनात काय येत होतं ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. पडद्यानं ते आता न विचारता सांगितलं. आत्याचं प्रेम गेलं म्हणून ती इतके दिवस रडत होती, पण आपलंही गेलं असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती मान खाली घालून बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही येईना.

समोरची बाई उठली, माठातलं पाणी घेऊन आली आणि पेला तिच्या हातात दिला.

"काहून असं तोंड करून राहिल्या?" तिनं विचारलं. "घरी कोणी आजारी आहे का?"

केतकीनं हो म्हटलं. आत्या आजारी आहे, म्हणाली. म्हातारीनं जिभेनं च्च केलं. आपलीही भाची बाहेर गेली आहे, केव्हा येते काही पत्ता नाही, नाहीतर ती तुम्हाला भेटली असती, तुमच्याच वयाची आहे, असं तिनं सांगितलं. मग संत्र्याच्या फोडी पुढे सरकवल्या. केतकीनं एक खाल्ली. ती गोड होती आणि तिला एकही दोरा नव्हता.

"रोज येता, माझं सगळं करता," म्हातारी म्हणाली. "तुम्हाला हाक काय मारू, सांगा नं."

या प्रश्नाला केतकीनं आजवर नेहमी एकच उत्तर दिलं होतं, आणि ते ऐकून दर वेळी म्हातारी बावरायची, ते नाव माझ्या पोरीचं आहे म्हणायची. आज केतकीला ते नाव उच्चारावंसं वाटलं नाही. तेही आता नेमकं कुणाचं, हे तिला सांगता आलं नसतं.

"तुम्हीच ठेवा," ती म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पदराला हात पुसले, खुर्चीमागे येऊन उभी राहिली, आणि मूल झोपलं असावं अशा बेतानं टोपीची कड कानावरून अलगद वर केली. ती वाकली तेव्हा तेलाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. तिनं कानात नाव सांगितलं.

"धोंडी."



"माझंच आहे," म्हातारी मागूनच म्हणाली. "आता कोणी घेत नाही ते. वंगाळ आहे, पण चिवट आहे. माझ्या आधी दोन गेले, मी राहिली. तुम्ही पण राहाल."

मग ती ओट्याकडे गेली, उरलेल्या संत्र्यांवर ताट झाकलं, आणि पाठमोरी असतानाच, जरा मोठ्यानं, ते नाव जमतंय का हे बघण्यासाठी हाक मारली. केतकीनं ओ दिली. विचार करून दिली नाही, ती आपसूक तोंडून गेली.

टोपी तिच्या डोक्यावर तशीच होती. तिच्या पाठीशी, टेबलावरच्या पडद्यावर त्या क्षणाला काहीतरी उमटलं असणार. तो जुनाच ठसा असेल, किंवा दुसरा एखादा, ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. मान वळवली की कळणार होतं, आणि कळलं की त्याचा शब्द करण्यावाचून केतकीला राहवणार नव्हतं. ओट्याजवळून म्हातारीनं पुन्हा हाक मारली. केतकी खुर्चीत बसून होती, दोन्ही हातांनी टोपीची कड धरून. तिनं मागे वळून बघावं का?